सॉफ्टवेअरचेही सील तपासा

औषधाची बाटली घेताना झाकणाचे सील तुटलेले दिसले, तर आपण ती परत करतो. १ ऑगस्ट २०२३पासून देशातील ३०० औषध ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला, तोही अस्सल-नक्कल ओळखता यावी म्हणून. पण दवाखान्याच्या संगणकात नवे सॉफ्टवेअर घालताना ‘अज्ञात प्रकाशक’ असा इशारा आला, तरी आपण बेधडक पुढे जातो. त्याच संगणकात रुग्णांचे अहवाल असतात. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस नोंदणीचे काम हाताने करावे लागले होते.

सॉफ्टवेअरचे सील म्हणजे ‘कोड सायनिंग’. निर्माता फाइलचा गणिती ठसा काढून त्यावर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. ती किल्ली कोणाची, हे प्रमाणपत्र देणारी संस्था पडताळते. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले, तरी सही जुळत नाही.

नाटे किंवा राजापुरातल्या एखाद्या तरुणाने दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर बनवले, तर त्याने कोणते प्रमाणपत्र घ्यावे? एकट्याने काम करणाऱ्याला स्वतःच्या नावाचे मिळते, नोंदणीकृत संस्थेला ‘ओव्ही’. महागड्या ‘ईव्ही’मुळे पूर्वी विंडोजचा इशारा लगेच टळत असे, २०२४पासून ती सवलत उरलेली नाही. विंडोजचे ड्रायव्हर बनवणाऱ्यांना मात्र ‘ईव्ही’ लागते. मॅकसाठी अ‍ॅपलचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आयकर विवरणपत्रासाठीची डिजिटल सही किंवा वेबसाइटचे प्रमाणपत्र येथे चालत नाही. सही करताना वेळेचा शिक्का जरूर घ्यावा. मग प्रमाणपत्राची मुदत संपली, तरी आधी केलेली सही ग्राह्य राहते.

सील असले म्हणजे औषध गुणकारी असतेच असे नाही. २०१०मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ विषाणूवर दोन तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांची सही होती. म्हणूनच १ जून २०२३पासून नव्या प्रमाणपत्राची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवणे बंधनकारक आहे. ते टोकन संगणकाला कायम लावून ठेवू नये.

वापरणाऱ्यांसाठी उपाय सोपा आहे. फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहा. तेथे निर्मात्याचे नाव नसेल किंवा भलतेच असेल, तर आधी त्याला फोन करा आणि खात्री पटल्यावरच पुढे जा.