जुना जीपीएस आणि दडवलेला डबा

१ मे २००० रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक घोषणा केली आणि काही तासांतच जगभरचे जीपीएस रिसीव्हर सुधारले. लोकांच्या हातातल्या यंत्रांत काहीच बदललं नव्हतं. बदल झाला होता सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या संदेशात. जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची यंत्रणा. अचूक मोजमाप शत्रूच्या हाती लागू नये म्हणून नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. त्यामुळे सामान्य माणसाचा रिसीव्हर शंभर मीटरपर्यंत चुकायचा. ही भेसळ थांबली आणि चूक दहा-वीस मीटरांवर आली.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीकच्या रानात एक प्लॅस्टिकची बादली अर्धी पुरून ठेवली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल, घेवड्याचा हवाबंद डबा असं किडुकमिडुक. त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले आणि अट घातली: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली. पहिला होता माइक टीग. महिना संपायच्या आत या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळालं. २ सप्टेंबरला जेरेमी आयरिशने त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा यादीत ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून अधिक आहेत. बीव्हरक्रीकच्या त्या जागी आता स्मृतिफलक आहे.

त्याच २००० साली गार्मिन कंपनीचा पिवळा ईट्रेक्स रिसीव्हर बाजारात आला. माझ्याकडे आहे तो हाच. सेलसकट दीडशे ग्रॅम वजन, पाच बटणं आणि तीही सगळी कडेला, करडा पडदा, पोटात नकाशा नाही. ५०० जागा तो लक्षात ठेवतो, पण प्रत्येकीच्या नावाला सहाच अक्षरं. दोन पेन्सिल सेलवर दिवसभराची भटकंती आरामात होते. हातात मोबाइल असताना हे जुनं यंत्र कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर असं की दिशा, अंतर आणि चूक या तीन गोष्टी ज्याला मुळापासून समजून घ्यायच्या आहेत, त्याला याच्यासारखा गुरू नाही.

पहिली शंका असते ती अशी की इतका जुना रिसीव्हर अजून चालतो का? चालतो. १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवरचा जो नागरी संदेश तो ऐकतो, तो आजचे उपग्रहही पाठवतात. संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत लागलेल्या वेळावरून रिसीव्हर उपग्रहाचं अंतर काढतो. घड्याळात एका मायक्रोसेकंदाचा फरक पडला तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. रिसीव्हरचं घड्याळ साधं असतं. म्हणून अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्याबरोबर वेळेतली चूकही काढावी लागते, आणि त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात.

वर्षानुवर्षं कपाटात पडलेला रिसीव्हर मात्र लगेच जागा सांगत नाही. कोणता उपग्रह कुठे आहे याची त्याच्याजवळची माहिती शिळी झालेली असते. ती सेकंदाला ५० बिट अशा संथ गतीने येते आणि पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्या आभाळाखाली, पडदा वर करून, यंत्र आडवं ठेवावं आणि स्वस्थ बसावं. दुसरं म्हणजे तारीख. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती दुसऱ्यांदा शून्यावर आली, त्यामुळे बरेच जुने रिसीव्हर साधारण १९ वर्षं ७ महिने मागची तारीख दाखवतात. त्यांनी दाखवलेल्या जागेत सहसा त्यामुळे फरक पडत नाही.

आता डब्याचे अक्षांश-रेखांश यंत्रात घालायचे. जुन्या ईट्रेक्सची तार संगणकाच्या ज्या सिरियल खाचेत बसायची, ती खाच आजच्या लॅपटॉपला नसते. म्हणून वर-खाली बटणांनी एकेक आकडा निवडत बसावं लागतं. चूक होते ती इथेच. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं लिहायची पद्धत आहे. १८ अंश ३०.५०० मिनिटं याचा अर्थ १८ अंश, ३० मिनिटं, ३० सेकंद. कुणी ते ३० मिनिटं, ५० सेकंद असं वाचलं, तर तो सहाशे मीटर भलतीकडे जातो. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, तेव्हा तिसरा दशांशही टाकायचा नाही. यंत्रातली नकाशाची पद्धत (डेटम) डब्ल्यूजीएस ८४ हीच ठेवावी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट पद्धतीवर बेतलेले आहेत. त्यावरून काढलेले आकडे तसेच घातले, तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो.

मग चालायला लागायचं. पडद्यावरचा बाण दिशा दाखवतो, पण या ईट्रेक्समध्ये चुंबकीय होकायंत्र नाही. आपण चालतो तेव्हाच त्याला दिशा कळते आणि थांबलो की बाण भरकटतो. म्हणून गळ्यात साधं होकायंत्र हवंच. दाट झाडीत जुन्या रिसीव्हरचे उपग्रह सुटतात, कड्याखाली संदेश खडकावर आपटून येतो आणि अंतर फसतं. अशा वेळी उघड्यावर उभं राहून बाकीचं अंतर आणि दिशा वाचावी. समजा ४० मीटर आणि ७० अंश आलं. होकायंत्रावर ७० अंशांची रेघ धरून पावलं मोजत जावं. मग दुसऱ्या बाजूने येऊन पुन्हा तसंच करावं. दोन्ही रेघा जिथे छेदतात, तिथे शोधायचं.

शेवटच्या दहा मीटरांत यंत्र खिशात घालावं. डबा लपवणाऱ्याचा रिसीव्हरही चुकलेला असतो आणि आपलाही. आता काम डोळ्यांचं. उगाच रचल्यासारखे दिसणारे दगड, झाडाची ढोली, ओंडक्याची पोकळी हे सगळं पाहावं. डबा मिळाला की वहीत नाव-तारीख लिहायची, काही घेतलं तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवायचं आणि डबा होता तसा परत दडवायचा. खाण्याचे पदार्थ ठेवत नाहीत, कारण जनावरं डबा फोडतात. उल्मरने बादली पुरली होती, पण आजच्या नियमांत जागामालकाच्या स्पष्ट संमतीशिवाय जमीन खणायला मनाई आहे. नुसता डबा ठेवायलाही त्याची परवानगी लागते आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर राखावं लागतं.

आपल्याकडे हा खेळ खेळायचा तर जागा जपून निवडायला हवी. संरक्षित गडकोटांवर काहीही दडवू नये. तिथल्या दगडांना हात लावणं हा वारशाशी द्रोह आहे. रेल्वे स्थानक, धरण, बाजार इथे बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलीस येतात, ते योग्यच आहे. स्वतःचं शेत, ओळखीच्याची आमराई किंवा परवानगी घेऊन शाळेचं आवार उत्तम. आणखी एक फरक ध्यानात ठेवा: ईट्रेक्ससारखं यंत्र फक्त ऐकतं. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रं वेगळी. ती भारतात विनापरवाना बाळगल्यास कारवाई होते.

तुमच्या कपाटात असा रिसीव्हर पडून असेल, तर आधी आतले जुने सेल काढा, कारण ते पाझरून संपर्कपट्ट्या खातात. पट्ट्या पुसा आणि नवे सेल घाला. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांसाठी शेतात चार डबे दडवा आणि अक्षांश-रेखांश कागदावर लिहून द्या. शाळेत पाठ केलेल्या त्या रेघा प्रत्यक्षात कशा असतात, हे त्यांना चालता चालता कळेल. यासाठी नवं यंत्र घ्यायची गरज नाही.