हिरव्या ओळी

सकाळी ६:३०

आधी लाइट आहे का ते बघायचं. तेरखेड्यात बसून पुण्या-मुंबईची कामं करायची तर इन्व्हर्टरची बॅटरी, फायबरचं नेट आणि मोबाइलचं नेट यांचा अंदाज घेऊनच लॅपटॉप उघडावा लागतो. आज तिन्ही ठीक आहेत.

काम सुरक्षा तपासणीचं, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी. ती दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करते: लिटर किती, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय लागला, दहा दिवसांचं बिल किती झालं. म्हणजे ओघानंच शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, बँकेचे खाते क्रमांक आणि आधारकार्डांचे फोटो आले. हे सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई विभागात ठेवलेलं. क्लाउड वापरला म्हणजे सुरक्षा ॲमेझॉन बघेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ॲमेझॉन इमारत, यंत्रं आणि त्यांच्या आतली व्यवस्था बघतं. आपल्या खात्यात कुणाला कशाची परवानगी दिली, कोणतं पोर्ट जगाला उघडं ठेवलं, ते आपण बघायचं.

७:१५

कंपनीतल्या इंजिनिअरचा फोन. "मॅडम, युजरनेम-पासवर्ड व्हॉट्सॲपला टाकू का?"

"नको रे बाबा."

तपासणाऱ्याला चाव्या द्यायच्याच नसतात. इंजिनिअरकडून एक रोल बनवून घेतला. त्याला ॲमेझॉनच्याच दोन तयार परवानग्या जोडल्या, 'सिक्युरिटी ऑडिट' आणि 'व्ह्यू ओन्ली ॲक्सेस'. मला रचना दिसेल, बदलता काही येणार नाही आणि शेतकऱ्यांची माहिती वाचताही येणार नाही. रोलमधून मिळणारी तात्पुरती परवानगी फार तर बारा तास टिकते, मग आपोआप संपते. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आमच्या सगळ्यांनाच असं का देत नाही?" पोरगा हुशार आहे.

८:००

स्कॅन सुरू केला. हत्यार प्राउलर. टोनी दे ला फुएन्ते नावाच्या स्पॅनिश माणसानं २०१६ मध्ये हे सुरू केलं, तेव्हा ती एक साधी शेल स्क्रिप्ट होती. पुढं ती पायथनमध्ये नव्यानं लिहिली गेली आणि आज एकट्या ॲमेझॉनच्या क्लाउडसाठी तिच्यात पाचशेहून जास्त तपासण्या आहेत. मुक्त स्रोत आहे, त्यामुळं प्रत्येक तपासणी नेमकं काय विचारते ते उघडून वाचता येतं. ऑडिटरनं ते वाचावंच, नाहीतर तो निकाल वाचून दाखवणारा क्लार्क होतो.

मी ते घरच्या लॅपटॉपवरून थेट चालवत नाही. स्कॅन म्हणजे हजारो छोटे छोटे प्रश्न. मध्येच नेट गेलं तर घोळ. मुंबई विभागातच एक छोटं मशीन घेते, तिथं टीमक्समध्ये चालू करून ठेवते. घरची लाइट गेली तरी तिकडं काम चालू राहतं.

८:३०

चहा, भाकरी. बाहेर हायवेवर गर्दी वाढलेली. दिवाळी तोंडावर आली की सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या आमच्या गावात फटाके घ्यायला लांबून गाड्या येतात.

१०:००

रिपोर्ट आला. नापास ओळी लाल, पास ओळी हिरव्या. लाल ओळी शेकड्यांत. नवख्या माणसाला यानं धडकी भरते. पण एकच चूक सतरा विभागांत मोजली की सतरा लाल ओळी होतात. आधी गंभीर आणि अतिगंभीर तेवढ्या वेगळ्या काढल्या.

सर्व्हरचं २२ नंबरचं पोर्ट 0.0.0.0/0 ला, म्हणजे अख्ख्या जगाला उघडं. सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याची ॲक्सेस की अजून जिवंत. आणि एक स्टोरेज बकेट सार्वजनिक. ॲमेझॉननं एप्रिल २०२३ पासून नवी बकेट मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, पण त्याआधीच्या बकेटना तो नियम मागं जाऊन लागला नाही. ही आधीची होती.

बकेट म्हटलं की मला २०२० आठवतं. भीम ॲपच्या प्रसारासाठी कॉमन सर्व्हिस सेंटरच्या एका संकेतस्थळावरून गोळा केलेली सत्तर लाखांहून अधिक कागदपत्रं उघड्या बकेटमध्ये पडून असल्याचं बाहेरच्या संशोधकांनी जाहीर केलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं त्यात आधारकार्डं होती, जातीचे दाखले होते. भीम ॲपमधून माहिती फुटलेली नाही, असा खुलासा राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं केला. ॲप फोडायची गरजच नव्हती, ही त्यातली गोष्ट.

११:३०

इंजिनिअरशी फोन. बकेटमध्ये केंद्रांची दरपत्रकं आणि लोगो आहेत, मुद्दामच उघडी ठेवलीय, म्हणाला. आतली यादी त्याला वाचायला लावली. खरंच तेवढंच होतं. मग ती ओळ यादीतून वगळायची, पण कारण आणि तारीख लिहून. पोर्ट त्यानं बोलता बोलता बंद केलं.

ॲक्सेस कीचं तसं नाही. ती थेट खोडून टाकू नये. कुठल्या विसरलेल्या स्क्रिप्टमध्ये ती घातलेली असते आणि रात्री बिलं निघायची थांबतात. आधी निष्क्रिय करायची, एक बिलाची फेरी जाऊ द्यायची, कुणी ओरडलं नाही तर मग खोडायची.

१:००

जेवण. लाइट गेली.

२:००

आता खरं काम. हिरव्या ओळी कुणी वाचत नाही; मालक तर नाहीच. मी त्यासाठी दुपार राखून ठेवते.

'मूळ खात्याला एमएफए (पासवर्डनंतरचा दुसरा कोड) आहे': पास. मूळ खातं म्हणजे ज्याला काहीही करता येतं ते. मी विचारलं, तो कोड येतो कुणाच्या फोनवर? पलीकडं शांतता. मग कळलं, जुन्या भागीदाराच्या. तो दोन वर्षांपूर्वी वेगळा झाला. खात्याला एमएफए जोडलेलं आहे एवढंच प्राउलरला दिसतं, फोन कुणाच्या खिशात आहे ते दिसत नाही.

'नोंदी चालू आहेत': पास. पण त्या नोंदी किती दिवस राहतात? त्यांनी वेगळी साठवण ९० दिवसांवर लावलेली. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांच्या नोंदी ठेवायला सांगितल्या आहेत आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायलाही. चौथ्या महिन्यात चोरी लक्षात आली तर हे काय कळवणार?

'बॅकअप आहे': पास. त्याच खात्यात, त्याच ॲडमिनच्या हाताखाली.

४:१५

लाइट आली नव्हती, म्हणून तात्यांकडं गेले. चुलते. त्यांचं फटाक्यांचं छोटं युनिट आहे.

"काय गं, पुणेकर पास का नापास?"

"पासच जास्त हायेत तात्या. त्याचीच काळजी."

ते हसले. "आमच्याकडं बी साहेब आला की वाळूच्या बादल्या भरलेल्याच असत्यात."

त्यांच्याकडं एक शेड दुसऱ्यापासून लांब, एका शेडमध्ये मोजकीच माणसं आणि मोजकीच दारू. परवान्याचा नियम आहे म्हणून, आणि गावानं स्फोटात माणसं गेलेली पाहिली आहेत म्हणूनही. पेट घेतलाच तर एक शेड जावी, सगळं जाऊ नये. पुण्याच्या कंपनीनं दारू, तयार माल आणि पाण्याची टाकीसुद्धा एकाच शेडमध्ये ठेवलीय. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाची कंपनी अशीच संपली. खंडणी मागणारा तिच्या ॲमेझॉन खात्यात शिरला, आणि त्यानं डेटा तर खोडलाच, त्याच खात्यातले बहुतेक बॅकअपही खोडले. काही तासांत धंदा बंद.

५:३०

अहवाल लिहायला बसले. प्राउलरची फाइल जशीच्या तशी पाठवणारे ऑडिटर आहेत. दोनशे पानं पाठवली की पैसे वसूल झाल्यासारखं दिसतं. माझं पत्र दीड पानाचं. पहिला मुद्दा लाल यादीतला नाहीच: जुन्या भागीदाराचा फोन. मूळ खात्याला २०२२ पासून आठपर्यंत एमएफए उपकरणं जोडता येतात. दोन हार्डवेअर किल्ल्या घ्या, एक मालकाच्या लॉकरमध्ये, दुसरी वेगळ्या ठिकाणी, आणि जुनं उपकरण काढून टाका. दुसरा: बॅकअपसाठी वेगळं खातं, जिथं रोजच्या ॲडमिनला खोडता येणार नाही. तिसरा: नोंदी १८० दिवस. बाकीचं परिशिष्टात.

७:००

मालकांचा फोन. "ताई, एवढ्या लाल ओळी सोडून तुम्ही पहिलं फोनचंच का लिहिलंत? तो माणूस चांगला आहे हो."

"असेल, साहेब. त्याचा फोन हरवला तर?"

मग त्यांनी दंडाचं विचारलं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे सांगितलं. तेवढ्यापर्यंत गोष्ट जाणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण आकड्याचा उपयोग होतो. भागीदाराला उद्याच बोलावतो, म्हणाले.

७:४०

इंजिनिअरला शेवटचा निरोप: माझा रोल काढून टाक, पुढच्या महिन्यात फेरतपासणीला नवा बनवू. दहा मिनिटांनी मी मुद्दाम पुन्हा आत जायचा प्रयत्न केला. परवानगी नाकारली. मुंबईचं मशीन बंद केलं, नाहीतर त्याचं भाडं मलाच लागतं.