अंत्यविधीतील मृत्पात्रे : ईजिप्त, इनामगाव आणि हरिहरेश्वर

अंत्यविधीत पात्राला कोणते स्थान मिळते, हे त्या समाजाच्या देहविषयक धारणेवर अवलंबून असते. प्राचीन ईजिप्तमध्ये देह टिकविणे हे ध्येय होते. म्हणून यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी वेगळी काढून चार कलशांत जपली जात. होरसचे चार पुत्र त्यांचे रक्षक मानले जात.

महाराष्ट्रात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफने आढळली. बालकांचे मृतदेह तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांना खड्ड्यात पुरताना बहुधा त्यांची पावले तोडीत. एक प्रौढ पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात, बसलेल्या स्थितीत आढळला. त्याची पावले शाबूत होती. मृताचे घराशी असलेले नाते राखण्याचा हेतू येथे दिसतो.

‘दक्षिण काशी’ म्हणून ख्यात असलेल्या रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येथे समुद्रकाठी पिंडदान व अस्थिविसर्जन होते. त्याआधी दहनाच्या वेळी पाण्याने भरलेल्या मडक्याला अश्म्याने छिद्रे पाडून ते फोडतात; अस्थिकलशही अखेर रिता होतो. येथे पात्राचे कार्य जपण्याचे नसून मुक्त करण्याचे आहे.

यातून अभ्यासपद्धतीविषयी एक सावधगिरी निष्पन्न होते. जपलेली पात्रे उत्खननात सापडतात. फोडलेले मडके व सागरार्पण केलेल्या अस्थी क्वचितच. म्हणून अवशेषांचा अभाव म्हणजे संस्काराचा अभाव, असा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.