किल्ली कोणाच्या हाती?

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीकडे जाणाऱ्या लाँचची वाट पाहत असताना एका गृहस्थांनी आम्हांला प्रश्न विचारला, "वर्तमानपत्रात 'एन्क्लेव्ह' असा शब्द येतो, तो काय हो? आपला जंजिरा एन्क्लेव्ह होता का?" लाँच आली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते आज पुरे करतो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कोशांतून व करारांच्या कागदांतून अधिक झाले आहे. त्यामुळे शब्दाचा अर्थ लावताना, तो कोणाच्या पदरात काय टाकतो, हे पाहण्याची सवय जडली आहे.

चारी बाजूंनी दुसऱ्याच्या मुलखाने वेढलेला प्रदेश म्हणजे एन्क्लेव्ह. पंडित त्याला 'परिवेष्टित प्रदेश' म्हणतात. साध्या मराठीत, वेढलेला मुलूख. शब्द मुळात फ्रेंच, आणि त्याच्या पोटात लॅटिनमधला 'क्लाविस' आहे. क्लाविस म्हणजे किल्ली. तेव्हा एन्क्लेव्ह म्हणजे कुलूपबंद केलेली जागा. याच क्लाविसचे पोर्तुगीजांनी 'शावे' केले आणि त्यांच्याकडून आपण 'चावी' घेतली. म्हणजे हा परका वाटणारा शब्द आपल्या कमरेच्या चावीचा चुलतभाऊच ठरतो!

आता जंजिरा. हा शब्द अरबी 'जझीरा' यावरून आला, अर्थ बेट. सिद्दीच्या संस्थानाला जमिनीच्या बाजूने इंग्रजांचा मुलूख लागलेला होता, पण पश्चिमेला समुद्र मोकळा होता. समुद्र कोणाच्या मालकीची भिंत नव्हे. म्हणून १९४८ साली विलीन होईपर्यंत जंजिरा संस्थान खरेखुरे एन्क्लेव्ह कधीच नव्हते. उलट हा दरवाजा उघडा राहिला, म्हणूनच सिद्दी टिकला. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालण्याचा प्रयत्न केला, ते हा दरवाजा बंद करण्यासाठीच. आणि याच दरवाजातून काठेवाडातले दूरचे जाफराबाद सिद्दीच्या हाताखाली राहिले. मुख्य मुलखापासून असा तुटलेला तुकडा, त्याला 'एक्स्क्लेव्ह' म्हणतात.

खरे एन्क्लेव्ह पाहायचे तर उत्तरेकडे दादरा आणि नगरहवेली. पोर्तुगीजांचे दमण समुद्रकाठी, पण हे दोन तुकडे आत. दमणहून सिल्वासाला जायचे तर मधली भारताची जमीन ओलांडावी लागे. गंमत अशी की, नगरहवेलीच्या पोटात मघवाळ हे गाव पुन्हा गुजरातचे! घरात घर आणि त्यात आणखी एक खोली.

१९५४ च्या जुलैत दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले. त्यांत पुण्याकडची मराठी माणसे होती; गायक सुधीर फडकेही होते. भारताने मधली वाट रोखली, तेव्हा पोर्तुगाल १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. मागणी एकच : आमच्या मुलखात जाण्याची वाट हा आमचा हक्क आहे.

आणि मग हेगमध्ये पेशवाईतले कागद उघडले गेले. १७७९ चा पुण्याचा तह, १७८३ आणि १७८५ च्या सनदा. पेशव्यांनी दिले ते राज्य की केवळ वसूल? शब्द होते जहागीर, सरंजाम. न्यायालय म्हणाले, यांचा अर्थ महसुलाचा हक्क, राज्य नव्हे. पोर्तुगीजांची सत्ता तेथे पुढे इंग्रजांच्या काळात मानली गेली, ती वहिवाटीने. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता, आणि भारताने वाट रोखली, त्यात आपले कर्तव्य मोडले नाही. पुढे १९६१ साली हे दोन्ही तुकडे रीतसर भारतात आले.

'हक्क' आणि 'सवलत' यांतला भेद आम्ही हेगच्या निकालातून शिकलो नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या आवारात कामगारांच्या चाळी होत्या. चोहोबाजूंनी कारखान्याची भिंत, एकच फाटक. रात्री दहाला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या बंगल्यावर. एका पावसाळी रात्री एका बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. किल्ली येईपर्यंत तासभर गेला. पोर फाटकाशीच टेम्पोत जन्मले. दोघे वाचली, हे दैव. दुसऱ्या दिवशी आम्ही मागणी लिहिली. मालकांनी करारात शब्द घातला, 'रात्री ये-जा करण्याची सवलत.' आम्ही तो खोडून 'हक्क' लिहिला. या एका शब्दासाठी अकरा दिवस बैठका चालल्या. आमचेच काही लोक म्हणाले, शब्दाला काय चाटायचे? पण सवलत देणारा उद्या काढून घेतो; हक्क काढायला त्याला कारण दाखवावे लागते. शेवटी 'हक्क' राहिला आणि किल्ली फाटकावर आली.

कूचबिहारकडे अशा तुकड्यांना 'छिटमहल' म्हणत. महाल हा शब्द महालकऱ्यांमुळे आपल्या ओळखीचा. छिट म्हणजे सुटा तुकडा. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि त्यांचे ५१ भारतात होते. त्यांत सुमारे ५० हजार माणसे राहत. दवाखाना, शाळा, बाजार, सारे कुंपणापलीकडे. आणि पलीकडचे राज्य परके. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री या तुकड्यांची अदलाबदल झाली, तेव्हा या माणसांना प्रथमच सभोवतालचा देश आपला म्हणता आला.

तेव्हा धक्क्यावरच्या त्या गृहस्थांना आमचे उत्तर असे : नकाशावर एन्क्लेव्ह शोधताना रेघ कोठून जाते, एवढेच पाहू नका. आतल्या माणसाला रात्री वैद्याकडे जायचे असेल, तर कोणाची परवानगी लागते, हेही विचारा. परवानगी लागत असेल, तर नकाशावर रेघ नसली तरी ती जागा कुलपातच आहे असे समजावे.