साथीतील अफवा आणि हाक

साथ आली की पाठोपाठ अफवा येते, हे आपल्याला नवे नाही. १८९७ साली हाफकिन यांची प्लेगची लस मुंबईत निघाली, तेव्हा तिच्याविषयीही नाना प्रवाद उठले होते. मात्र तेव्हाची अफवा गल्लीबोळांतून पायी फिरे. २०२० साली ती मोबाइलवरून क्षणात गावोगाव पोचली. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, एवढ्या एका आवईने महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांचा धंदा बसला. अशा वेळी समाजमाध्यमांना लगाम घालावा असे कोणाही सज्जनास वाटेल. पण लगाम घालणाऱ्याला अफवा कोणती आणि वार्ता कोणती हे आधी कळावे लागते, आणि अडचण तेथेच आहे.

चीनमधील वूहान शहरी ली वेनलियांग नावाचे नेत्रवैद्य होते. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी वीचॅटवर आपल्या वैद्यक-वर्गबंधूंना कळविले की, मासळीबाजाराशी संबंध असलेल्या सात जणांना सार्स झाला आहे. थोड्याच वेळाने त्यांनी दुरुस्तीही केली: विषाणू कोरोना-वर्गातील आहे, नेमका प्रकार ठरावयाचा आहे. म्हणजे पहिल्या शब्दात चूक होती, खोटेपणा नव्हता. तरी ३ जानेवारीस पोलिसांनी त्यांना बोलावून, असत्य विधाने केल्याच्या ताकीदपत्रावर त्यांची सही घेतली. पुढे त्यांनाच संसर्ग झाला आणि ७ फेब्रुवारीस ते वारले. १९ मार्चला ताकीद रद्द होऊन पोलिसांनी कुटुंबाची क्षमा मागितली. मौज अशी की, जानेवारीअखेर चीनच्या सर्वोच्च न्यायालयाच्याच समाजमाध्यमी खात्यावरील लेखात, लोकांनी ही 'अफवा' तेव्हा मानून मुखपट्ट्या वापरल्या असत्या तर बरे झाले असते, अशा आशयाचे मत आले होते!

आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. कोणाला ऑक्सिजन हवा, कोणाला खाट, कोणाला रेमडेसिव्हिर. माणसे ट्विटरवर हाका मारू लागली. अनोळखी तरुण मुले रात्री जागून याद्यांतील क्रमांकांवर फोन करीत, खरेखोटे पाहत आणि पुढे पडताळणीची वेळ लिहीत, कारण सकाळची खाट दुपारी उरत नसे. त्यांत लुबाडणारेही होते, हे नाकारून चालणार नाही. परंतु उत्तर प्रदेशात आजोबांसाठी ऑक्सिजन मागणाऱ्या एका तरुणावरच गुन्हा नोंदविला गेला. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अशा तक्रारी दडपल्यास तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल.

आरोग्यखाती या माध्यमाचा उपयोग बहुधा दवंडीसारखा करतात: हात धुवा, अंतर ठेवा, लस घ्या. दवंडी हवीच. पण त्या हाकांमध्ये रोग्याचे गाव असे, वय असे, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण असे, फोन नंबर असे. कोणत्या भागात सिलिंडर संपत आले आहेत हे कळावयास एखाद्या जिल्हा कचेरीला याहून ताजे पत्रक कोणते मिळाले असते?