कॅमेरा की नुसती कल्पना?

भर दुपारी खिडकीपुढे उभे करून कुणाचा फोटो काढा. बाहेरचे झाड स्वच्छ येते, चेहरा मात्र काळाठिक्कर. चेहरा उजळ करावा, तर झाड पांढरेफटक! ही डोकेदुखी जुनीच. १८५०च्या दशकात फ्रान्सचे गुस्ताव ल ग्रे समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह एकाच कागदावर छापत.

असली जोडणी कॅमेऱ्यानेच करावी, म्हणून यानबिन यू आणि झोंगशुआन झांग यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. दोन भिंगे, प्रत्येकामागे एक सेन्सर, आणि एका चित्राच्या आधारे दुसरे सुधारणारा प्रोसेसर. २००३ मध्ये पेटंट मिळाले. पुढे दोन भिंगांचे मोबाइल आले आणि दोघांनी ॲपल व सॅमसंग यांना कोर्टात खेचले.

कॅलिफोर्नियातील कोर्टाने दावा सुरुवातीलाच फेटाळला. प्रकरण अपिलात गेले. जून २०२१ मध्ये तेथेही दोन विरुद्ध एक मताने हार झाली. कारण मोठे चमत्कारिक होते. हा कॅमेरा म्हणे ‘अमूर्त कल्पना’ आहे! नुसत्या कल्पनेला नेहमीच्या संगणकाची जोड दिली म्हणून पेटंट मिळत नाही, असे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१४च्या ॲलिस खटल्यात ठरवले होते. तीच कसोटी येथे लागली. एका फोटोने दुसरा सुधारणे छायाचित्रकारांना शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. भिंगे, सेन्सरही नेहमीचेच, असे न्यायमूर्ती शेरॉन प्रोस्ट यांनी बहुमताच्या निकालात म्हटले.

खरी गोम वेगळीच होती. अर्जातल्या वर्णनात चार भिंगे व चार सेन्सरांची विशिष्ट रचना होती. हक्क मात्र दोन भिंगांच्या साध्या मांडणीवर मागितला होता. कसायचे चार गुंठे आणि सातबारा मागायचा अख्ख्या शिवाराचा, तशातली गत!

तरीही तेव्हा ९३ वर्षांच्या असलेल्या न्यायमूर्ती पॉलीन न्यूमन यांचे विरोधी मत सहज बाजूला सारता येत नाही. भिंगे आणि सेन्सर असलेले हे यंत्र आहे, असे त्यांचे म्हणणे. पेटंटच्या इतर कसोट्यांवर ते कदाचित उतरणारही नाही; पण तेवढ्याने यंत्राची कल्पना होत नाही.

त्या इतर कसोट्यांपर्यंत खटला पोहोचलाच नाही. कॅमेऱ्यात नवे काय होते, यावर साक्षीपुरावा झालाच नाही.