पालच्या घाटात दुचाक्यांचा ताफा

यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झाले. मध्य प्रदेशच्या सीमेलगत सातपुड्यात पसरलेले हे साग-अंजनाचे पानझडी जंगल. खानदेशात वाळवंट नाही. पण मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि निष्पर्ण डोंगर वाळवंटापेक्षा फार वेगळे वाटत नाहीत. म्हणून मित्रमंडळींच्या दुचाकी सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच शोभतात.

जळगावहून भुसावळ, सावदा, खिरोदा असे करत अभयारण्याच्या परिसरातील पालला पोहोचता येते. सावद्याच्या परिसरात केळीच्या बागा रस्त्याला खेटून असतात. घड भरलेला ट्रॅक्टर बागेतून थेट रस्त्यावर येतो, तेव्हा ताफ्याची शिस्त कामी येते. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, शेवटी पंक्चर काढता येणारा. मधले एकाआड एक डावी-उजवीकडे, समोरच्यापासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखून. घाटात मात्र एकेरी रांगच बरी. नवख्याला पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवतात, म्हणजे वेग आपोआप त्याच्या बेताचा राहतो.

अभयारण्यात शिरण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. आत हॉर्न आणि फटफटाट करणारे सायलेन्सर नकोतच. अस्वल, बिबट्या यांचे हे घर. उन्हाळ्याच्या तोंडी वाळलेल्या पाल्यावर विडीचे थोटूक टाकणे म्हणजे वणव्याला आवतण. तडवी आणि पावरा वस्त्यांजवळ गुरे रस्त्यावरच बसलेली असतात. तिथे गाडी दुसऱ्या गिअरवर आणावी.